वाळीत टाकलंय, पण लेखी काहीच नाही: मग लढायचं कशाच्या जोरावर?

परभणी जिल्ह्यातल्या एका भावानं विचारलंय. थोडक्यात असं, की थोरल्या बहिणीनं दुसऱ्या समाजातल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. त्यावरून समाजाच्या बैठकीत वडलांना उभं करून दंड सांगितला, आणि पोरगी आम्हाला मेली असं सगळ्यांसमोर म्हणा म्हणले. वडलांनी म्हटलं नाही, तेव्हापासून घर वाळीत. लग्नाची पत्रिका येत नाही, सप्त्याची वर्गणी घेत नाहीत, आजी वारली तर मातीला मोजकी माणसं. आता वडील म्हणतात पैसे भरून मोकळं होऊ, कोर्टकचेरी नको. भावाचे प्रश्न दोन, कायद्यात काही आहे का आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाचं काय होणार.

पहिलं सांगते, पैसे भरू नका. निदान आत्ता नाही, आणि रोखीनं तर अजिबातच नाही, का ते पुढं येईल.

मी लातूरला वकिली करते. पोटगी, वाटणी, घरगुती हिंसाचार हे रोजचं काम, त्यात ही वाळीतची प्रकरणं अधूनमधून येतात आणि सगळ्या समाजांतली येतात. तुम्ही तुमच्या समाजाचं नाव लिहिलं नाही, काही बिघडत नाही. माझ्याकडं स्वतःला वरचं समजणाऱ्या जातीतले आलेत, भटक्या विमुक्तांतले आलेत, मोहल्ल्याच्या जमातीनं एनओसी दिली नाही म्हणून पोरीचा निकाह अडलेला बाप आलाय, चर्चच्या कमिटीला हिशोब विचारला म्हणून प्रार्थनेला शेजारी कुणी बसेना अशी बाई आलीय. देव वेगळे, ग्रंथ वेगळे, पण वाळीत टाकायची पद्धत बघितली तर सगळे एकाच शाळेत शिकलेत असं वाटतं.

म्हणजे बघा, निरोप कायम तोंडी येतो. "या, बसून बोलू." कशाबद्दल ते सांगत नाहीत, गेल्यावर कळतं की विषय आपणच आहोत. ज्यानं तक्रार केली तोच पंचांत बसलेला असतो, नाहीतर त्याचा साडू असतो. प्रकरण बाईचं असलं तरी बाईला बोलवत नाहीत, तिचा बाप नाहीतर नवरा उभा राहतो. पुरावा काय तर सगळ्या समाजाला माहितीये. दंडाचा आकडा गुन्हा बघून नाही, तुमची जमीन किती आणि पोरगा नोकरीला आहे का हे बघून ठरतो. आणि त्या पैशाचं पुढं काय होतं हे विचारायची सोय नाही, विचारलं की तो दुसरा गुन्हा. आरोप करणारे, निकाल देणारे, दंड वसूल करणारे आणि खर्च करणारे सगळे तेच, वर अपील कुठं करायचं तर त्यांच्याकडंच.

समाजाला नियमच नसावेत असं माझं म्हणणं नाही. सप्त्यात दारू पिऊन आलेल्याला पंगतीतून उठवलं तर त्याला मी अन्याय म्हणणार नाही. भटक्या जमातींचं तर वेगळंच होतं, इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कितीतरी जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा १९५२ ला गेला, तोवर या माणसांनी भांडण झालं की कुठं जायचं होतं, पोलिसाकडं? पोलीसच तर मारायचे. लोह्याजवळ माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत त्यांच्या पंचायती भरायच्या, तिथं सोयरिकी जमायच्या, काडीमोड व्हायचे, देण्याघेण्याचे वाद मिटायचे. ती त्यांची गरज होती. पण गरज म्हणून उभं राहिलेलं न्यायासन पुढं कमाईचं साधन झालं, आणि ज्यांना कधीच पोलिसाची भीती नव्हती अशा सधन समाजांनी पण तीच रीत उचलली, हे आपल्याकडचं खरं दुखणं आहे.

दुसरी गोष्ट, एकाच गोष्टीला माणूस बघून वेगळा न्याय. समाजाच्या एखाद्या पुढाऱ्याच्या पुतण्यानं पुण्यात आयटीत असताना बाहेरची मुलगी केली तर "आता काळ बदललाय, पोरं शिकली", लग्नाला सगळे फेटे बांधून हजर. आणि दोन एकरवाल्याची पोरगी गेली की समाजाची अब्रू गेली. मुलानं बाहेरची आणली तर दंड भरून सून आत घेता येते, पोरगी बाहेर गेली तर जिवंतपणी तिचा दहावा घाल म्हणतात. मी एका बापाला बघितलंय, त्यानं ते केलं होतं, नदीवर जाऊन पोरीच्या नावानं पिंड ठेवला होता, आणि ऑफिसात बसून मला विचारत होता की मॅडम आता तिला भेटायला गेलो तर चालेल का. त्यानं दंडही भरला होता बरं का. तरी दोन वर्षांनी पुन्हा बोलावलं, का तर पोरीला फोन करताना कुणीतरी ऐकलं. एकदा भरला की तुम्ही दंड भरणाऱ्यांत मोजले जाता, हे तुमच्या वडलांना नीट समजावून सांगा.

आणि सगळ्यात मोठा अन्याय मला कुठला वाटत असेल तर हा, की शिक्षा ज्यानं केलं त्याला होतच नाही. तुमची थोरली बहीण तिच्या नवऱ्याबरोबर तिच्या घरी आहे, तिला या बहिष्काराची झळ कमी. झळ कुणाला, तर हळदीला ज्यांना बोलावलं जात नाही त्या तुमच्या आईला, सोयरीक मोडेल म्हणून धास्तावलेल्या धाकटीला, मातीला खांदेकरी मिळाले नाहीत त्या आजीला, जी बिचारी गेलीच होती. घरातला जो हलू शकत नाही त्याला धरायचं म्हणजे बाकीचे आपोआप वाकतात.

आपल्या मराठवाड्याला तर हे नवीन नाही. पैठणची धर्मसभा आठवा. परंपरा असं सांगते की आपेगावच्या विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन परत संसार केला म्हणून कुटुंब बहिष्कृत झालं, आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी पोरांच्या मुंजी होईनात. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, यांचा गुन्हा काय तर जन्म. शुद्धिपत्र मागायला या पोरांना पैठणला यावं लागलं. आज त्याच ज्ञानोबांच्या नावानं सप्ते बसवणारे लोक एखाद्याची वर्गणी परत पाठवतात, याला काय म्हणावं. पण वकील म्हणून मला त्या गोष्टीतलं एक कायम डाचतं, पैठणकरांनी निदान पत्र तरी दिलं! आजचे पंच काहीच लिहून देत नाहीत.

आणि मुद्दा नेमका हाच आहे. बहिष्कार तोंडीच टिकतो. उद्या पोलीस आले की हे लोक काय म्हणणार हे मी आत्ताच सांगते: "कुठला बहिष्कार? आम्ही कुणाला काही बोललो नाही, लोकच जात नसतील त्यांच्याकडं, ज्याची त्याची मर्जी." आणि हे कोर्टात चालतं सुद्धा, कारण एखाद्यानं तुमच्या घरी येऊ नये, जेवू नये, हा त्याचा हक्क आहे, कायदा कुणाला हाताला धरून तुमच्या पंगतीला बसवू शकत नाही. गुन्हा कशात आहे, तर "जाऊ नका, गेलात तर तुम्हालाही दंड" असं ठरवून सांगण्यात. माणूस स्वतःहून आला नाही की त्याला येऊ दिलं नाही, एवढ्या फरकावर सगळी केस उभी राहते, आणि हा फरक कागदावर नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये दाखवावा लागतो. म्हणून माझं सगळं काम एका वाक्यात सांगायचं तर त्यांचं तोंडी प्रकरण लेखी करून घेणं.

आता कायदा. महाराष्ट्रानं यासाठी खास कायदा केलाय, सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचं संरक्षण करणारा २०१६ चा अधिनियम. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला, राष्ट्रपतींची मंजुरी येऊन जुलै २०१७ पासून लागू आहे. त्याच्यामागं रायगडकडची गावकीनं घरं वाळीत टाकल्याची प्रकरणं होती, नाशिकला २०१३ ला पोटुशी पोरगी बापानंच मारल्याची घटना होती, त्यानंतर अंनिसनं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं, जातपंचायतींच्या विरोधात चालवलेली मोहीम होती. त्याच अंनिसच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली तेही तेच वर्ष, ऑगस्टमध्ये. कायद्यात कलम ३ मध्ये बहिष्कार म्हणजे काय काय याची लांब यादी आहे, ती डाउनलोड करून वडलांसमोर वाचा, कारण त्यात तुमच्याच घरातलं लिहिल्यासारखं वाटेल. लग्न, अंत्यविधी, धार्मिक विधी यात अडवणं, देवळात, सभागृहात, स्मशानात, कब्रस्तानात येऊ न देणं, व्यवहार तोडणं, तोडायला लावणं, समाजातून काढणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्यांनी मदत केली, चिथावलं, तेही अडकतात. गुन्हा दखलपात्र आहे म्हणजे पोलिसांना एफआयआर घ्यावीच लागते, पण जामीनपात्र आहे, तेव्हा पंच आत जाऊन बसतील अशी अपेक्षा ठेवू नका, त्याच दिवशी सुटतील. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवायचा असं लिहिलंय. लिहिलंय एवढंच म्हणते.

इथं एक घोळ कायम होतो तो सांगून ठेवते. हा कायदा समाजाच्या आतल्या बहिष्काराचा आहे, म्हणजे तुमच्याच जातीनं, पंथानं, धर्मानं तुम्हाला टाकलं तर. गावातल्या सवर्णांनी दलित वस्तीवर बहिष्कार टाकला, किराणा बंद, पिठाची गिरणी बंद, मजुरी बंद, तर तिथं अॅट्रॉसिटी कायदा बघायचा, २०१५ च्या दुरुस्तीनं त्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा वेगळा गुन्हा टाकलाय, जानेवारी २०१६ पासून लागू आहे. उलट पारध्यांच्या पंचांनी पारध्याला वाळीत टाकलं तर अॅट्रॉसिटी लागत नाही, कारण दोन्ही बाजू अनुसूचित जमातीच्या, तिथं हा २०१६ चाच कायदा. पोलीस ठाण्यात दोन्ही एकत्र कालवतात आणि मग केस पहिल्याच तारखेला लंगडी होते.

समोरचा वकील अभ्यासू असला तर तो बोहरा समाजाचा निकाल काढणार. मुंबई प्रांतानं १९४९ मध्येच बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता (मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात, आपल्याला तो लागूच नव्हता), त्याला दाऊदी बोहरांच्या सय्यदना साहेबांनी आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा तो कायदा रद्द केला, का तर धर्माच्या कारणावरून एखाद्याला पंथाबाहेर काढणं हा घटनेच्या कलम २६ खाली त्या पंथाचा अधिकार आहे. विरोधातलं एकटं मत कुणाचं होतं, तर खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचं. या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण वर्षानुवर्षं पडून होतं, फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं ते नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडं पाठवलं. घाबरून जाऊ नका, १९४९ चा कायदा २०१६ च्या कायद्यानंच मोडीत काढलाय आणि नवा कायदा नुसतं धर्मबाह्य करण्यापुरता नाही. तुमच्या वडलांनी काही धर्मतत्त्व नाकारलेलं नाही, त्यांच्या सज्ञान पोरीनं लग्न केलंय. आणि त्याबद्दल सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा शक्ती वाहिनी खटल्यातला निकाल सरळ आहे, दोन सज्ञान माणसांच्या लग्नात कुठल्याही खापला, पंचायतीला किंवा जमावाला आडवं येण्याचा अधिकार नाही.

बरं, आता करायचं काय.

सगळ्यात आधी समाजाचं जे मंडळ आहे ते नोंदणीकृत आहे का बघा. बहुतेक असतंच, मंगल कार्यालय आणि मंदिर त्यांच्या नावावर असतं म्हणजे धर्मादाय कार्यालयात नोंद असणारच. तिथून परिशिष्ट १ चा उतारा आणि मंडळाची घटना, म्हणजे नियमावली, नक्कल अर्ज करून काढा, तुमच्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात मिळते. त्या घटनेत सभासदाला काढायची रीत लिहिलेली असते, नोटीस द्यायची, म्हणणं ऐकायचं, ठराव करायचा. तुमच्या वडलांच्या बाबतीत यातलं काय झालं? काहीच नाही. मग वडलांच्या सहीनं अध्यक्ष आणि सचिवांना स्पीड पोस्टानं साधं पत्र पाठवा, भांडणाची भाषा नको, एवढंच विचारा की अमुक तारखेच्या बैठकीत माझ्याविरुद्ध काय निर्णय झाला, कुठल्या नियमाखाली झाला, मी सभासद आहे का नाही, माझी वर्गणी का नाकारली, आणि जो दंड सांगितला तो कुठल्या खात्यात भरायचा. या शेवटच्या प्रश्नानं पंचांची झोप उडते. उत्तर दिलं तर तुमच्या हातात पुरावा, दिलं नाही तर पोस्टाची पावती आणि त्यांचं गप्प बसणं हाही पुरावा, आणि "आम्ही तुम्हाला काढलेलंच नाही, तुम्ही सन्माननीय सभासद आहात" असं लिहून आलं तर ते पत्र फ्रेम करून दुकानात लावा. हसू नका, असं पत्र आलेलं मी बघितलंय, आणि त्या पत्राच्या झेरॉक्स सोयऱ्यांना वाटून एका घराचा बहिष्कार कोर्टात न जाता ढिला झाला.

रोखीनं भरू नका म्हणले त्याचं कारण एका जुन्या प्रकरणात आहे. अंबाजोगाईकडचा एक किराणा दुकानदार, त्याला पंचांनी दंड लावला, त्यानं भरला, पण पोरगं हुशार, त्यानं पावती मागितली. पंचांनी पावती दिली, त्यावर लिहिलं "मंदिर जीर्णोद्धार देणगी, स्वखुशीने". स्वखुशीने! पोरानं त्याच संध्याकाळी पंचांना फोन लावून विचारलं, काका, दंडाच्या पावतीवर देणगी का लिहिलं, तर काका म्हणले अरे तसंच लिहितात, दंड म्हणून कुठं लिहीत असतात का, तुझ्या बापाचं प्रकरण मिटलं ना. रेकॉर्ड झालं सगळं. पुढं मंडळाच्या हिशोबात ती देणगी निघालीच नाही, धर्मादाय कार्यालयात तक्रार झाली तेव्हा पंच स्वतःच तडजोडीला आले. बहिष्कारापेक्षा हिशोबाला ही मंडळी जास्त भितात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

रेकॉर्डिंग करताना एक ध्यानात ठेवा, ज्या मोबाईलवर रेकॉर्ड झालं तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका, ऑडिओ व्हॉट्सअॅपवर इकडंतिकडं फिरवून मूळ फाइल उडवू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात मूळ उपकरणाची माहिती लागते. समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून तुम्हाला काढलं असेल तर काढल्याचा स्क्रीनशॉट, आणि ग्रुपमध्ये अजून असलेल्या एखाद्या मामेभावाकडून "अमक्याच्या घरी कुणी जाऊ नये" असला मेसेज मिळाला तर सोनंच. मिळतो बरं, लोक मूर्खासारखं लिहितात. आणि आई आहे ना घरात, तिला एक वही करायला सांगा. कुठल्या तारखेला कुणाच्या हळदीला बोलावलं नाही, कोण येता येता परत गेलं, कोण काय म्हणलं. बायकांना हे सगळं तोंडपाठ असतं, आणि पंचांच्या बायका पुरुषांपेक्षा जास्त खरं बोलून जातात: "वहिनी आमचं मन नाही हो, पण ह्यांनी सांगितलंय जाऊ नको म्हणून." हे वाक्य, तारखेसकट, साक्षीत फार वजनदार पडतं.

मग पोलीस ठाणं. तिथं पहिला प्रयत्न तुम्हाला परत पाठवायचा होणार. हा समाजाचा अंतर्गत मामला, तुम्ही तंटामुक्तीकडं जा. आता गंमत बघा, २००७ पासून गावोगाव तंटामुक्त समित्या आहेत, कल्पना चांगली होती, पण बऱ्याच ठिकाणी समितीचा अध्यक्ष आणि समाजाचा पंच एकच माणूस असतो. म्हणजे ज्यानं वाळीत टाकलं त्याच्याकडंच दाद मागा. नाही म्हणायचं. दुसरा प्रयत्न, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेऊन बोळवण करतील. घेऊ नका, गुन्हा दखलपात्र आहे हे कायद्याची प्रत दाखवून सांगा, खरंच बऱ्याच हवालदारांना हा कायदा माहीत नसतो, त्यांचा दोष नाही, वापरलाच कमी गेलाय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली, तीन वर्षं ते सातच्या आत शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, ते करतो म्हणले तर करू द्या, पण अर्जाची पोच घ्या. चौदा दिवस गेले आणि हालचाल नाही, तर एसपींना लेखी अर्ज, स्पीड पोस्टानं. तिथंही काही नाही तर जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात अर्ज, पूर्वी ज्याला आम्ही १५६(३) म्हणायचो ते आता १७५(३). दंडासाठी धमकावलं असेल तर न्याय संहितेतली खंडणी आणि धमकी, ३०८ आणि ३५१, ही कलमं पण लावायला सांगा, नुसत्या बहिष्कारापेक्षा पोलिसांना ती ओळखीची. पुन्हा बैठक बोलावणार असल्याचं आधी कळलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, अशी बैठक थांबवायचा अधिकार या कायद्यानं त्यांना दिलाय.

कायद्यात सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी नेमायची तरतूद आहे, मदतीसाठी. एका कार्यालयात मी चौकशीला गेले तर तिथल्या साहेबांनी माझ्याकडूनच कायद्याची झेरॉक्स ठेवून घेतली. असो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना आणि अनुसूचित जाती जमातींना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. म्हणून माझा सल्ला, तक्रारदार म्हणून आईचंही नाव घाला. पंचांना आईचं नाव नको असतं, कारण ज्या बाईला त्यांनी बैठकीत बसू दिलं नाही तिच्यासमोर आता आरोपी म्हणून उभं राहावं लागतं.

आता वडलांबद्दल. तुम्ही लिहिलंय ते ऐकतच नाहीत. भाऊ, त्यांच्यावर चिडू नका. ज्या माणसानं पोरगी मेली म्हण म्हणले असताना भर बैठकीत म्हटलं नाही, तो माणूस भित्रा नाही. त्यांना कोर्टाची भीती नाही, एकटं पडायची आहे, त्यांचं सगळं आयुष्य या भावकीत गेलंय, त्यांच्या मातीला कोण येईल हा त्यांच्या डोक्यातला खरा प्रश्न आहे, तुम्ही कलमं सांगून तो सुटणार नाही. त्यापेक्षा आधी अशी दोन चार घरं शोधा जी मनातून तुमच्या बाजूची आहेत. कायम असतात. ज्यांना पूर्वी दंड बसलाय ती घरं तर नक्कीच. त्यांच्याकडं वडलांना घेऊन जा, चहा प्या, केसबद्दल बोलूच नका. जिथं तीन चार घरं उघडपणे एकमेकांकडं जेवायला लागली तिथं बहिष्कार मोडल्यातच जमा, कारण पंचांची ताकद सगळे पाळतात यातच असते. अर्ज पण मग तीन चार घरांचा एकत्र जातो, आणि त्याला वजन वेगळं.

तडजोडीला ते येणार हे धरून चाला. तक्रार झाली, एकदोघांना ठाण्यात बसवलं की मध्यस्थ येतात, मोठे लोक येतात, कीर्तनकार बुवा पण येतात. तडजोड वाईट नाही, कायद्यानंही तिला जागा ठेवलीय, पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर. फक्त ती चहाच्या टपरीवर करू नका. जे काही ठरेल ते कोर्टासमोर, लेखी, आणि त्यात एक वाक्य पंचांच्या सहीनं आलंच पाहिजे, की या कुटुंबावर कसलाही बहिष्कार नाही आणि यांच्याशी व्यवहार ठेवणाऱ्या कुणालाही दंड होणार नाही. हे दुसरं अर्धं वाक्य जास्त महत्त्वाचं, सोयऱ्यांना तेच हवं असतं. वडलांनी माफी मागायची अट घातली तर साफ नाही म्हणा, माफी कशाबद्दल.

राहिला धाकटीचा प्रश्न. खरं सांगू का, तुमच्या समाजातून, तुमच्याच पंचक्रोशीतून स्थळ येणं काही काळ अवघडच जाणार, केस केली तरी आणि नाही केली तरी. दंड भरल्यावर स्थळं येतील असं वडलांना वाटतं, पण मी बघितलंय त्यात दंड भरलेल्या घराला देण्याघेण्यात जास्त वाकवतात, "तुमच्या घरात झालंय असं, आम्ही सांभाळून घेतोय" म्हणून. ते लग्न पुढं कसं जातं त्याच्या फायली माझ्या कपाटात आहेत. धाकटीचं वय काय, शिकते का, तुम्ही लिहिलंच नाही, आणि तिचं स्वतःचं म्हणणं काय ते तर कुणी विचारलेलंच दिसत नाही, पंचांनी नाही आणि तुम्हीही नाही. आधी तिला विचारा. शिकत असेल तर शिक्षण पूर्ण होऊ द्या, या वर्षी स्थळं बघायची घाई करू नका, आणि परभणी सोडून बाहेर राहणारे तुमचे जे नातेवाईक आहेत, पुणे, संभाजीनगर, हैदराबाद, त्यांच्याशी बोला, तिथपर्यंत पंचांचा हात फारसा पोचत नाही. नक्कल अर्ज आणि मंडळाला पाठवायचं पत्र मात्र या आठवड्यातच करा, पत्राचा मसुदा जमत नसेल तर बैठकीची तारीख आणि तिथं कोण कोण होतं एवढं लिहून पाठवा, मी करून देते.